दाढीची तार

दाढीची तार उजव्या कानामागे रुतत होती – चाळीस वर्षं रुततेय, पण आजच ग्योक-इमला ती उपटून फेकावीशी वाटली. समोर तैवानातल्या यीलानच्या समुद्रदेवीचं देऊळ, दाराशी उदबत्त्यांचा धूर, अंगणात प्लास्टिकच्या स्टुलांवर अख्खं गाव, आणि रंगमंचावर तिची सख्खी पोरगी, बी-हून, नाटकातली बायको, चौदा वर्षांनी लढाईवरून परतलेल्या नवऱ्याला – म्हणजे दाढी लावलेल्या आपल्या आईलाच – सांगत होती, "घर चुकलात, पाहुणे."

लोक हसले. हसा, हसा! ग्योक-इमच्या मंडळीच्या नाटकात लिहिलेला कागद नसतोच. तिला वाचता कुठं येतं? सकाळी तोंडं रंगवताना ती गोष्ट सांगते, बोलणं ज्याचं त्यानं जमवायचं. शेवट मात्र तिचा. देवीसमोर जोडपं तुटलेलं दाखवायचं नाही, गावाला बाधतं. बी-हूनला हे बाळकडूच पाजलंय. आणि परवा नवऱ्याचं घर सोडून, एक पिशवी घेऊन आली, तेव्हाही बजावलं होतं – उत्सव झाला की मुकाट परत जायचं. "आधी नाटक तर होऊ दे, आई," म्हणाली होती सटवी. हे होतं तर मनात!

"अगं, तुझा धनी मी! चौदा वर्षं काय कमी हाल काढले?"

"काढले असतील. जेवलातही असाल कुणाकडे. तिकडंच जा."

...जेवण. ग्योक-इमचा स्वतःचा नवरा सहा वर्षांनी घरी उगवला, तेव्हा तिनं चकार शब्द न काढता भात-माशाचा वाडगा पुढं केला होता, आणि त्यानं मासा उलटापालटा करून म्हटलं होतं, "खारट झालाय." खारट! वाडग्यासकट त्याला रस्त्यावर भिरकावायचं राहून गेलं ते गेलंच – मग रोज दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याची दाढी लावून ती बायकांना पायाशी बसवत राहिली, टाळ्या घेत राहिली...

ढोलवाला तिच्या लांब बाहीकडे टक लावून होता. बाही वर गेली की झांज, मिलन, संपलं.

"आक्का, बाही!" तो दात दाबून म्हणाला.

"माझं चुकलं तरी काय?" ग्योक-इमनं विचारलं, नवऱ्याच्या आवाजात, सवयीनं – आणि त्या आवाजाची तिला शिसारी आली.

बी-हूनच्या गालावरचा रंग ओघळला होता. "हे आज विचारताय?"

संताप उतरला नाही. फक्त पोरीवरून सरकला, मागं, पार त्या खारट माशापर्यंत. बाही जड, वर जाईना. देवी बघतेय. पुढचं वाक्य काय... चारशे नाटकांच्या गोष्टी पाठ असलेल्या बाईला ते ठाऊक नव्हतं, आणि कधी नव्हे ती घाईही नव्हती.