निकालाच्या फळ्यावरचे तेरा

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, माझ्यावर कोणी कधी बाराखडी गिरवली नाही. मी निकालाचा फळा. बालाघाट-गोंदिया रस्त्यावर, राजेगावच्या अलीकडे एक सरकारी प्राथमिक शाळा आहे. तिच्या ओसरीत मी दहा वर्षं मिरवलो. आता म्हातारपणी डोळा लागतो आणि जुन्या गोष्टी स्वप्नासारख्या येतात. इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

मी मूळचा सागाचा. जंगलात होतो तेव्हाचं फारसं आठवत नाही. वारा आठवतो, आणि मार्चमधला मोहफुलांचा वास. माझ्या अंगावर उभ्या रेघा आहेत. त्या माझ्या वयाच्या. ज्या साली पाऊस नव्हता, तिथली रेघ बारीक आहे. बारीक असली तरी झाडाने ती आपल्याच अंगात ठेवली.

१९५६ साली नवा मध्यप्रदेश झाला आणि त्याच साली सुताराने मला रंधा मारून शाळेत टांगलं. गावातली बरीच पोरं घरी मराठी बोलत, पुस्तकं मात्र हिंदी. म्हणून माझ्यावरही हिंदीत चार रकाने पाडले: सन, सम्मिलित, उत्तीर्ण, प्रतिशत. पाचवीच्या बोर्डाच्या परीक्षेला किती बसले, किती पास झाले आणि शेकडा किती, एवढंच माझं शिक्षण.

तेवढ्यावर माझा काय थाट होता म्हणून सांगू! इन्स्पेक्टर साहेब दौऱ्यावर आले की पोरांकडे नंतर बघत, आधी माझ्याकडे. ओळीने तीन साल शंभर बघून ते म्हणाले होते, "शाबाश! फिर सौ आया, तो मिडल स्कूल यहीं खुलेगा." मी फुगलो. ते शंभर कसे येत, हे मला ठाऊक होतं. आमचे हेडमास्तर खेमराज गुरुजी भले गृहस्थ, पण जो मुलगा कच्चा वाटेल त्याचं नाव ते परीक्षेच्या यादीतच घालत नसत. घरी राहिलेल्यांसाठी माझ्यावर रकाना नव्हता.

मग १९६३ साल आलं. माझे आकडे रंगवणारा दुलीचंद पेंटर वारासिवनीचा. आमच्या बाजूला तो वर्षातून एकदाच, मार्चमध्ये यायचा. परीक्षा एप्रिलात, निकाल मेमध्ये. एरवी आकड्यांची जागा कोरी राहायची, गुरुजी तिथे खडूने लिहीत आणि पुढल्या मार्चात दुलीचंद त्यावर रंग भरी. पण यंदा निकाल लागताच साहेब मिडल स्कूलसाठी पाहणीला येणार होते. खडूचे आकडे बरे दिसायचे नाहीत, म्हणून गुरुजींनी परीक्षेआधीच रंगवून घेतलं: सम्मिलित १२, उत्तीर्ण १२, प्रतिशत १००. बाजारात तुरी म्हणतात, ते हेच.

दुसऱ्या दिवशी पाचवीतली मैना माझ्यासमोर उभी राहिली. केसांत मोहाची फुलं अडकलेली, कारण पहाटे फुलं वेचून मगच ती शाळेत यायची. तिने मला वाचलं आणि वर्गातली पोरं बोटांवर मोजली.

"गुरुजी, पाचवीत आमी तेरा आहो. इथं बाराच काहून?"

गुरुजींनी तिला वर्गात पिटाळलं. दुपारी मैनाची आई रुख्माबाई आली. हाताला तेंदूपानांचा वास होता, बिड्या वळता वळता उठून आली होती.

"गुरुजी, माह्या पोरीचं नाव यादीत नाही म्हंते."

"रुख्माबाई, ते गणितात कच्ची हाये. एक जरी नापास झाला तं मिडल स्कूल हातचं जाते. पुढच्या साली बसू दे तिले."

"पुढच्या साली ते माह्याजवळ बिड्याच वळन, गुरुजी. घरात कमावती मीच एकटी हावो. तिचं हेच साल हाये. नापास झाली तं झाली, पन बसू तं द्या तिले!"

"यादी उद्या बालाघाटले जाते..."

"मंग आज लिवा."

ती गेली. गुरुजी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मला वाटलं, ते माझं शंभर डोळे भरून बघताहेत. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि माझे तिन्ही आकडे खरवडून टाकले. सोलवटलो मी, फार राग आला. मग त्यांनी यादी उघडून मैनाचं नाव लिहिलं.

मेमध्ये निकाल लागला. मित्रांनो, गोष्टीत अशा वेळी कच्ची पोर पहिली येते. मैना गणितात चार गुणांनी नापास झाली. गुरुजींनी स्वतःच्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात माझ्यावर लिहिलं: १३, १२, ९२.

"खेमराजजी, यह क्या किया?" साहेब एवढंच म्हणाले. मिडल स्कूल दुसऱ्या गावाला गेलं. पारावरची माणसं गुरुजींना टाकून बोलली आणि पावसाळ्यात त्यांची बदली झाली. तीन वर्षांनी नव्या हेडमास्तरांनी नवा फळा आणला. मी मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या आड गेलो. तिथे एका कोपऱ्याने वाळवीला जेवू घातलं आणि बाकीच्या अंगाने स्वप्नं बघितली. बऱ्याचदा स्वप्नात मी परत झाड व्हायचो. मार्च आला की खिडकीतून मोहाचा वास यायचा आणि मला त्या वाकड्या ओळीची लाज वाटायची.

१९७६च्या जुलैत खोली चुन्याने रंगवायची म्हणून मला अंगणात काढलं. पोरांची नावं घालायला बाया आल्या होत्या. त्यातली एक माझ्यापाशी थांबली, पदराने धूळ पुसली आणि वाचू लागली. बिड्या वळून तिची बोटं काळी पडली होती. सोबत सहा वर्षांची पोरगी.

"हे पाह्य, इथं तेरा लिवलं हाये नं? त्यात मी हावो."

"पास झालती का वं, माय?"

"नाही. बसलती." मैना हसली. "बाराच लिवले होते पहिले. गुरुजीनं खरवडून माह्यासाठी तेरा केले."

तिने त्या तेरावर हात ठेवला. माझ्या शंभरांवर इतक्या वर्षांत कोणी असा हात ठेवला नव्हता. मला रडू आलं, पण लाकडाला रडता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझा एखादा भाऊबंद टांगलेला असेल. त्याच्यावर शंभर दिसलं तर आनंदाने टाळ्या वाजवा. मग वर्गात जा, आणि मैनासारखी बोटांवर पोरं मोजा.