दुसऱ्या खेपेचे गुण

बिट्टीला जहाजं बांधायला शिकायचं होतं, आणि ते शिकवणाऱ्या कॉलेजात परीक्षेचे गुण पाठवायचा आज शेवटचा दिवस होता. परीक्षा तिने दोनदा दिली होती. पहिल्या खेपेचे गुण कॉलेजच्या अटीला जेमतेम कमी पडत होते. दुसऱ्या खेपेचं तर घरात कुणी नाव काढत नसे. नुसती बेरीज बघूनच बिट्टीने ते पान बंद केलं होतं.

"पहिलेच पाठवू," ती म्हणाली. "त्यांना दया आली तर आली. पण माझ्याने बटण दाबवत नाही. बाबा, तूच कर."

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. मिटल्या डोळ्यांच्या, वाकड्या तोंडाच्या फोटोंवर खूण करायची आणि ते उडवून टाकायचे, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. त्यांनी चष्मा सावरला, दुसऱ्या खेपेवर झोकात खूण केली, बटण दाबलं आणि म्हणाले, "गेली एकदाची ब्याद!"

"बाबा, ती कॉलेजात गेली!"

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. बिट्टी आधी किंचाळली, मग तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. आता बुडालोच आहोत तर भ्यायचं कशाला? तिने थेट कॉलेजला फोन लावला आणि प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंना सगळी हकिगत खिदळत सांगून टाकली.

"अगं, मग पहिलेही पाठव की," बाई म्हणाल्या. "जेवढे येतील त्यांतले भाषेचे सगळ्यात चांगले आणि गणिताचे सगळ्यात चांगले आम्ही एकत्र धरतो. नियमांत लिहिलंय, पण वाचतंय कोण! या खेपेत भाषेची पार धूळधाण आहे. गणितात मात्र कमाल केलीयस."

या वेळी बटण बिट्टीनेच दाबलं. बाईंनी बेरीज केली. अट पार झाली होती! बाबांनी लेकीला उचलून घ्यायला बघितलं, ते काही जमेना, मग दोघं खुर्च्या पाडत गोल गोल नाचले.

"पण भाषेच्या वेळी झालं काय होतं?" फोनमधून बाईंनी विचारलं.

"रडू आलं. थांबेचना."

"आणि गणित?"

"तेही रडतच सोडवलं. रागारागाने."

"मग ये बाई लवकर," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे तसंच सोडवतात."