पंचाहत्तर टक्क्यांचा भागीदार

मी फोनवर ट्रकचं भाडं सांगितलं आणि मागून खाकरणं आलं.

"थांबा हं मॅडम, बघून सांगतो," म्हणत मी फोनवर हात ठेवला आणि वळून पाहिलं. बाकावर भागीदार बसले होते. छताकडे बघत त्यांनी दोन बोटं वर केली. म्हणजे दोन हजार वाढव.

मी निमूटपणे वाढवले. बाई लगेच हो म्हणाल्या. तेवढ्यात पुन्हा खाकरणं. घरसामान नाजूक असतं, त्याचे वेगळे पडतील, असं मी सांगितलं. तेही बाईंना चाललं. तिसऱ्यांदा खाकरणं आलं तेव्हा माझीच मला लाज वाटायला लागली, पण गाडी रिकामी परत येते त्याचेही थोडे लागतील, असं बोलून टाकलं. बाई म्हणाल्या, "बरं. पण तुमच्याकडची ती हिरवी गाडीच पाठवा."

"तुमची गाडी मागितलीय," मी फोन ठेवून म्हणालो.

"मागणारच. नाव झालंय आपलं," भागीदार म्हणाले आणि माझ्या वाटणीचा चहा उचलून प्यायले.

ह्या माणसाला भागीदार हे नाव आम्ही दिलेलं नाही, त्यांनी स्वतःच घेतलंय. गाडी त्यांची, डिझेल त्यांचं, टायर त्यांचे. कंपनीचं काय, तर दारावरची पाटी आणि मिळवून दिलेला माल. बाकीचे गाडीवाले किलोमीटरवर पैसे घेतात. हे टक्क्यावर. भाड्यातले पंचाहत्तर टक्के त्यांचे, पंचवीस कंपनीचे. "किलोमीटरवाला म्हणजे मजूर. मी भागीदार आहे," हे वाक्य मी आठ वर्षं ऐकतोय. आणि भागीदार म्हटल्यावर धंद्यात लक्ष घालायला नको? म्हणून गाडी उभी असली की हे माझ्या मागे बाकावर येऊन बसतात आणि मी भाडं कमी सांगितलं की खाकरतात. साहेबांकडे तक्रार केली तर साहेब म्हणाले, "खाकरू दे की. पंचवीस आपलेच वाढतात."

टक्क्याचं आणखी एक आहे. भाडं एकदा ठरलं की ठरलं, रस्ता लांबला तर जळतं ते आपलं डिझेल. त्यामुळे हे गृहस्थ सरळ रस्ता कधी म्हणजे कधी सोडत नाहीत. वाटेत चहालासुद्धा थांबत नाहीत. चहा इथे पितात, माझा.

त्या आठवड्यात मात्र स्वारी घुश्शात होती. जावयाची बदली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली होती. तो पुढे गेला होता, आणि मुलगी सामान घेऊन मागून जाणार होती. एकुलती एक मुलगी.

"बापाची गाडी दारात उभी असताना म्हणते, सामानाचं आम्ही बघतो," ते रोज मला ऐकवायचे. "कोणाची गाडी, विचारलं, तर म्हणे, ठरवलीय एक. मी काय मेलो होतो?"

"तिला तुम्हाला त्रास द्यायचा नसेल."

"त्रास? दिवाणाखाली चिरडून घेतलेला अंगठा अजून दुखतो माझा. तिच्याच दिवाणाखाली." हे बोलताना त्यांचा आवाज जरा बसला. मग नेहमीसारखं खाकरून त्यांनी तो सारखा केला.

आमच्या ऑफिसची एक पद्धत आहे. पत्त्याची चिठ्ठी गाडी निघायच्या सकाळीच हातात द्यायची. आधी दिली तर गाडीवाले परस्पर गिऱ्हाईक गाठतात आणि कंपनी बसते बोंबलत. ही पद्धत साहेबांना सुचवली कोणी, तर भागीदारांनीच.

तर त्या सकाळी मी त्यांना चिठ्ठी दिली. ती वाचून ते बाकावर बसले.

"तिसरा मजला," ते म्हणाले. "लिफ्ट नाही."

"चिठ्ठीत कुठे लिहिलंय तसं?"

"लिहायला कशाला पाहिजे? कपाट मीच चढवलंय."

त्यांनी फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात, त्यामुळे सगळं ऑफिस माना वर करून ऐकायला लागलं.

"हे काय केलंस तू? मला नाही सांगायचं?"

"सांगितलं असतं तर भाडं घेतलं असतंत?"

"बापाला विचारतेस हे?"

"म्हणूनच नाही सांगितलं. गाडीचा हप्ता काय मी गेले म्हणून थांबणार आहे? आणि बाबा, तुमचं खाकरणं मला फोनवर ओळखू येतं. तीनदा खाकरलात. चौथ्यांदा खाकरला असतात ना, तर मी किलोमीटरवाल्याची गाडी बोलावली असती."

ऑफिसात कोणाला हसू आवरेना. भागीदार मात्र माझ्याकडे वळले. "ते भाडं कमी कर," ते म्हणाले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"काही कमी करू नका हो," फोनमधून आवाज आला. "ठरलं ते ठरलं. बाबा, तुम्ही लवकर या. मी तुमच्याशेजारीच बसून येणार आहे."

दुपारी मी पडद्यावर गाड्या बघत होतो. प्रत्येक गाडीचा एक ठिपका असतो. हिरव्या गाडीचा ठिपका हमरस्त्याने नेहमीसारखा नाकासमोर चालला होता. फाट्यापाशी आला आणि तळ्याच्या रस्त्याला वळला. तो रस्ता चांगला ऐंशी किलोमीटरने लांबचा.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "भागीदार वाट चुकले की काय?"

"पुढे रस्त्याचं काम चाललंय," मी ठोकून दिलं.

ठिपका तळ्याकाठी थांबला. तिथे चहाची एक टपरी आहे. मी दोन पार्ट्यांची बिलं केली, तरी तो तिथेच होता. मग हलला तो इतका सावकाश, की साहेबांनी पुन्हा येऊन विचारलं असतं तर गाडीच बिघडलीय म्हणून सांगावं लागलं असतं.

परतीचा माल मिळेपर्यंत भागीदार कधी हलत नाहीत, पण ह्या खेपेला ते रिकामेच परत आले. नेहमीसारखे बाकावर बसले. मी चहा पुढे केला. "तू घे," म्हणाले.

"पोचली ना नीट?"

"पोचली. तिथे लिफ्ट आहे," ते म्हणाले. "कपाट हमालांनीच चढवलं. मला हातसुद्धा लावू दिला नाही."

तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक चिवट होतं. मी मुद्दाम कमी भाडं सांगितलं आणि थांबलो. मागून काहीच आलं नाही. वळून बघितलं तर ते खिडकीतून आपल्या गाडीकडे बघत होते आणि दुसऱ्या हाताने अंगठा चोळत होते.

मग मीच खाकरलो आणि दोन हजार वाढवून सांगितले.