राउटरला वाहिलेली शेवंती

“हगूर, रामू, हळू हळू. ह्याच्या पोटात आपल्या आठ शाखा मावायच्या आहेत.”

मित्रांनो, मला आठवणारा हा सगळ्यात जुना आवाज. तो एका पतसंस्थेतल्या मंजुनाथअण्णा शिपायांचा. त्यांनी आणि त्यांच्या जोडीच्या रामूने मला तान्ह्या बाळासारखं धरून जिना चढवला होता. मी राउटर. चपटा, काळपट, अंगाने चांगला जड. एका गावचा निरोप दुसऱ्या गावी धाडायचा, हे माझं काम. अळणावर गावच्या शाखेत खिडकीवर कुणाची सही पडताळायची झाली, तर हुबळीहून ती पळभरात मीच पोचवत असे.

नऊ वर्षं मी कुलूपबंद, थंडगार खोलीत राबलो. चालत होतो तोवर कुणाला माझी आठवण नसे. अडलो की सगळे धावत येत. माणसांशी माझी ओळख एवढीच. मग एक सडपातळ नवा राउटर आला आणि मी जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या संगतीला गेलो. दोन उन्हाळे तिथे काढले. दिवा नाही, निरोप नाही, हाक नाही.

शेवटी मी जुन्या सामानाच्या दुकानात पोचलो. तिथे एका मुलीने माझ्यावरची धूळ ओढणीने पुसली.

“चालू आहे का हो हा?”

“पंखा फिरतोय, अक्का. पुढचं तुमचं नशीब,” दुकानदार म्हणाला.

ती वेदश्री. केशवापुरात ती आणि तिचे वडील अप्पाजी, घरात दोघंच. तिने वरच्या खोलीत मला टेबलावर ठेवलं आणि निळ्या वायरने लॅपटॉपला जोडलं. पण माझा जुना पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. तीन दिवस ती झगडली. मला बंद करायची, पुन्हा सुरू करायची आणि मी पुरता जागा होण्याआधीच वाटेत अडवायची. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. तिने माझ्यातलं जुनं सगळं पुसलं. आठही गावांच्या वाटा एका दमात गेल्या. दुखलं नाही. पण आत फार मोकळं मोकळं झालं, लेक सासरी गेल्यावर अंगण होतं तसं.

तिला नेटवर्किंगची परीक्षा द्यायची होती. ती का द्यायची, हे त्या घरात मलाच ठाऊक होतं. बेंगळूरच्या कंपनीने तिला कामावरून काढलं होतं. परीक्षा पास व्हायची, दुसरी नोकरी धरायची, आणि मगच अप्पाजींना सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. तोवर ती रोज नऊ वाजता “ऑफिस सुरू झालं, अप्पा” म्हणून दार लावून घ्यायची. अप्पाजी शेजाऱ्यांना अभिमानाने सांगायचे, “कंपनीने घरी मशीनच पाठवलंय. असा विश्वास कुणावर टाकतात बघा की.”

मित्रांनो, माझ्या आठवणी दोन. एक चालू, एक कायमची. चालूतलं कायमच्यात उतरवून ठेवलं नाही, तर वीज जाताच पाटी कोरी. परीक्षा चार दिवसांवर आली होती. वेदश्रीने आठवडाभर माझ्यात वाटा आखल्या होत्या, पहारे बसवले होते. सगळं जुळलं की एकदाच उतरवू म्हणून ती थांबली होती.

आणि खंडेनवमी उजाडली.

वेदश्री न्हायला गेली होती. अप्पाजींनी खाली स्कूटर, विळी, कात्री, मिक्सर सगळ्यांची पूजा केली आणि तबक घेऊन ते वर आले. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत. “आज तुलाही सुट्टी रे बाबा,” असं म्हणत त्यांनी बटण बंद केलं. ओल्या फडक्याने मला पुसलं, हळदकुंकू लावलं, पिवळी शेवंती वाहिली. इतक्या वर्षांत मला कुणी फूल वाहिलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच तिचं सगळं माझ्यातून निघून गेलं. म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. कुठलंही यंत्र बंद करण्याआधी त्यावर राबणाऱ्या माणसाला एकदा विचारत जा. त्याचं काय काय त्यात असतं, ते बाहेरून दिसत नाही.

ओल्या केसांनी वेदश्री वर आली. माझे दिवे विझलेले पाहून दारातच थांबली.

“आठ दिवसांचं काम गेलं, अप्पा. विचारायचं तरी होतं.”

अप्पाजींनी तबक खाली ठेवलं. “मला कसं कळावं गं? साहेबांचा नंबर दे. चूक म्हाताऱ्याची आहे, मुलीची नाही, असं सांगतो. माझ्यापायी तुझी नोकरी जायला नको.”

“राहू दे, अप्पा.”

“राहू दे कसं? दे नंबर.” त्यांनी चष्मा लावला, फोन उघडला आणि आकडे दाबायला बोट धरून उभे राहिले.

वेदश्रीने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

“साहेब नाहीत, अप्पा,” ती म्हणाली. “ऑफिसच नाही. श्रावणातच काढलं मला. दार लावून परीक्षेचा अभ्यास करते. आतून आवाज येतो ना, तो मीटिंगचा नसतो. मी एकटीच बोलत असते.”