कोणासाठी लिहिलंय

बुरुल ही गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. शाळेची पोरं माहिती शोधायला आली की ती आधी एकच विचारायची, "हे कोणासाठी लिहिलंय, ते बघितलंस का?" घरच्या बायकांसाठीचं मासिक, इंजिनियर लोकांसाठीचं, डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी काढलेलं... विषय एकच असला तरी प्रत्येकात वेगळंच सापडतं, हे ती हसत समजावून सांगे.

घरी मात्र हिवाळाभर ती घरगुती आरोग्याचं मासिकच आणत राहिली. तिचा नवरा जिर्गाल खाणीत खडकाला भोकं पाडायचं यंत्र चालवायचा. त्याचा खोकला हटत नव्हता. मेंढीच्या शेपटीची चरबी गरम दुधातून द्या, महिन्यात छाती मोकळी होते, असं त्यात छापलं होतं. ती देत राहिली.

"आता मी बें बें करायला लागेन बघ," तो नाक मुरडून प्यायचा.

मार्चमध्ये जिना चढताना तो मधेच खाली बसला. दुसऱ्या दिवशी बुरुलनं डॉक्टरांचं नियतकालिक काढलं. त्यात धीर देणारं एक अक्षर नव्हतं. खडकाची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. औषध नाही. माणसाला वेळीच धुळीतून बाहेर काढावं, एवढंच.

"उद्यापासून खाणीत जायचं नाही," संध्याकाळी ती म्हणाली आणि वाचलेलं सगळं सांगून टाकलं.

जिर्गाल दचकला नाही. "माहितीये मला. आम्हा कामगारांसाठी भिंतीवर कागद लावतात, दूध प्या, तोंडाला फडकं बांधा. मुकादमाच्या खोलीत इंजिनियरांचं मासिक असतं. त्यात लिहिलंय, धूळ बसावी म्हणून पाणी सोडल्याशिवाय यंत्र चालवूच नका."

"मग बोलला का नाहीत?"

"पाण्यानं काम मंदावतं. मुकादमानंही वाचलंय ते."

"निदान खाणीतल्या तरण्या पोरांना तरी सांगायचं! ती अजून जगायची आहेत."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सकाळी मात्र तो खाणीवर गेला. मुकादमाच्या खोलीतून मासिक उचललं आणि खाणीच्या तोंडाशी उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला.

"बाइके, निवडणुकीला उभे राहताय की काय?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

अर्ध्यात त्याचा दम संपला. तेव्हा उलारबेक नावाच्या तरुणानं मासिक त्याच्या हातातून घेतलं आणि पुढचं वाचलं. आता कोणी हसत नव्हतं.

मुकादम धावत आला. "ते तुमच्यासाठी नाही! ठेव जागेवर."

त्या दिवशी पाचजणांनी कोरड्या यंत्राला हात लावायला नकार दिला. उन्हाळ्यात एका बोगद्यात पाण्याचा पाइप आला, बाकीचे कोरडेच राहिले. उलारबेकला काढून टाकलं. रशियाला जाण्याआधी तो भेटायला आला, तेव्हा जिर्गालला आडवं होता येत नव्हतं. गाद्यांच्या ढिगाला टेकून बसला होता.

"तुझं काम माझ्यामुळे गेलं," तो म्हणाला.

"जाऊ दे, बाइके. तिथे निदान उघड्यावर काम आहे."

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत जिर्गाल गेला. त्याच्या नावानं चाळिसाव्या दिवशी घातलेल्या जेवणाला खाणीतली माणसं आली. बुरुल चहा ओतत होती. एकजण तोंडावर हात धरून खोकला, मग पलीकडचा.

"तुमच्या बोगद्यात पाणी आलं का?" तिनं पहिल्याला विचारलं.

"पुढच्या वर्षी येईल म्हणतात, एजे," मोठ्या बहिणीशी बोलावं तसं तो म्हणाला आणि पेला पुढे केला.