अठरा घरं

फेटा बांधणाऱ्याने तिसरा वेढा घातला तशी सुकलालने मान आखडून घेतली. कोरीटच्या चावडीपुढे सारं गाव जमलं होतं आणि नंदुरबारहून आलेले मामलेदारसाहेब मोठ्या कौतुकाने बोलत होते.

“जळत्या घरावर पाणी फेकलं की निम्मं वाफ होऊन जातं. हा गडी आगीच्या नादीच लागला नाही. शेजारच्या छपरावर पोती अंथरली, दोन हांड्यांत ती चिंब केली आणि आग तिथंच अडवली! मागची अठरा घरं वाचली. याला म्हणतात डोकं!”

डोकं कसलं, डोंबल! ते छप्पर सुकलालचंच होतं, एवढं गावाला ठाऊक होतं. अठरा घरं त्याच्या मनात क्षणभरही आली नव्हती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

त्या दुपारी शेजारची धनुबाई गोधडी घेऊन त्याच्या दारात धावत आली होती. बाई एकटी, विधवा. घर पेटलेलं आणि पारडी आत दाव्याला.

“सुकलालभाऊ, एक हांडा दे! गोधडी भिजाडीसन मधमा जासू, पारडी सोडसू!”

“पानी सरी गयं, बहीन.”

दाराआड दोन हांडे काठोकाठ भरलेले होते. पोती भिजवता भिजवता त्याने पारडीचं ओरडणं ऐकलं. मग तेही थांबलं. पंधरा दिवस झाले, ते ओरडणं कानातून जात नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्याला.

टाळ्या ओसरल्या आणि बायकांमधून धनुबाई उठली. आता काय बोलेल ते बोलो, असं म्हणून सुकलालने डोळे मिटले. ती समोर येऊन हात जोडून उभी राहिली.

“भाऊ, तू पानी नही दिनं म्हनीसन मी तुले लई शिव्याशाप दिन्यात. आते समजनं. तू आख्खी गल्लीसाठे पानी राखं. माले माफ कर.”

सुकलालला ते सोसवेना. त्याने फेटा काढून हातात घेतला.

“गल्ली मन्हा मनमा नव्हती, बहीन. मी मन्हंच घर वाचाडं.”

मग मामलेदारसाहेब दिलखुलास हसले.

“पाहा! एवढं करून वर हा विनय!”

पुन्हा टाळ्या कडाडल्या, आधीपेक्षा जोरात. सुकलालने धनुबाईकडे पाहिलं. तिचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.