वाया जाणारी ऊब

हृषीकेशने घर तापवणारी, तेलावर चालणारी जुनी हायत्सुंग काढून गॅसचा बॉयलर बसवायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त धसका घेतला तो श्रीधरपंतांनी. आणि धसका घेतल्याचं कुणाला कळू नये म्हणून त्यांनी त्या दिवशी जेवताना पुन्हा भात मागून घेतला.

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखजवळच्या एका खेड्यात हे घर. हृषीकेश बेअरिंगच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने घर घेतलं तेव्हा तळघरातला तो अवजड तेल-बॉयलर घराबरोबरच आला होता. थंडी सुरू झाली की तो दिवसभर धापा टाकत असे. घर तापवायचं त्याचं काम तो बेतानेच करी, पण स्वतःची खोली मात्र अशी तापवी, की जानेवारीतसुद्धा तिथे कुडाळचा चैत्र असायचा.

श्रीधरपंतांचं सारं आयुष्य कुडाळच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलं. पत्नी यमुनाबाई गेल्यावर मुलाने आग्रहाने त्यांना इकडे आणलं. वरच्या मजल्यावर खोली दिली, खिडकीखाली ऊब देणारा रेडिएटर, रेडिएटरला एक ते पाच आकड्यांची चकती. पहिल्याच दिवशी हृषीकेशने चकती दोनवर ठेवून सांगितलं, की थंडी वाटली तर फिरवा. पंतांना थंडी वाटत होती. पण तेल महागलंय, हे जेवताना रोज बोललं जायचं. आपल्यामुळे कुणाचं काही जास्त जळू नये, असं वाटून त्यांनी चकतीला कधी हात लावला नाही. दोन स्वेटर चढवून ते पुस्तक धरत आणि पानं उलटायला हातमोजा काढावा लागतो म्हणून जाड कादंबऱ्या टाळत.

मग एकदा सून कौमुदीने त्यांना आंबोळीचं पीठ खाली ठेवायला सांगितलं. या देशात पीठ आंबायचं नावच घेत नाही, त्यामुळे ती ते पातेलं शनिवारी बॉयलरच्या कडेला ठेवत असे. पंत पातेलं घेऊन खाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. कौमुदी बघायला गेली, तर सासरे पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून वाचत होते. स्वेटर उतरवून ठेवला होता.

“इथली ऊब अशीही वाया जातेच आहे,” ते ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कौमुदीने तिथे बागेतली घडीची खुर्ची नेऊन ठेवली. मग दिवा आला, यमुनाबाईंची गोधडी आली, रंगाच्या डब्यांशेजारी पुस्तकांची रांग लागली. हृषीकेशचा ऑफिसातून फोन आला, की कौमुदी सांगे, अण्णा फिरायला गेलेत. अण्णा रोज इतके चालतात याचं हृषीकेशला मोठं कौतुक. कारखान्यात त्याने दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा. तळघरातलं सगळं कौमुदीच बघे, त्यामुळे तो खाली कधी उतरत नसे.

तर आता ही खोलीच गार पडणार होती.

हृषीकेश कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे निकष मांडून दहापैकी गुण देई आणि घरच्यांनाही द्यायला लावी. शेवटी दोन बॉयलर उरले. एक साधा, स्वस्त, थोडी उष्णता सांडणारा. दुसरा ब्रेनवेर्ट, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरातलीसुद्धा उष्णता ओढून घेणारा. बसवणारा कारागीर ल्योफ्लर घरी आला होता, त्याने सांगितलं, की हा चालू असताना त्याच्या अंगाला गाल लावा, गाल गारच राहील. हृषीकेशने हे मराठीत समजावलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. कौमुदीने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे चहात बघत होते.

“अण्णा, तुमचे गुण?”

“दोघांना पाच पाच दे,” पंत म्हणाले. आयुष्यात त्यांनी कशालाच चाराहून कमी किंवा सहाहून जास्त दिले नव्हते.

त्या दुपारी खाली चहा घेऊन आलेल्या सुनेला ते म्हणाले, की आपण सरळ सांगावं का. मग स्वतःच म्हणाले, की नको, त्याला वाटेल, बापाला वर थंडीत ठेवलं. कौमुदी म्हणाली, “अहो अण्णा, तुमचं नाव कशाला? आंबोळीचं सांगू. आणि सांगायचं तरी कशाला, खायलाच घालू.”

पंतांनी उभ्या हयातीत कुणाची खोडी काढली नव्हती. पण त्या शनिवारी पिठाचं पातेलं त्यांनी स्वतः उचललं आणि तळघराऐवजी बर्फासारख्या गॅरेजात नेऊन ठेवलं. परत येताना ते चक्क गुणगुणत होते.

रविवारी हृषीकेशच्या ताटात आंबोळी पडली, ती पडल्याचा आवाज आला. जाळीचं एक भोक नाही. त्याने तुकडा तोडायला जोर लावला आणि काळ्या वाटाण्याची उसळ शर्टावर उडाली. त्याने तांदूळ विचारले, उडीद विचारले, मेथी घातली होती का विचारलं. कौमुदीने साळसूदपणे सगळं नेहमीचंच असल्याचं सांगितलं. मग त्याने विचारलं, की पीठ ठेवलं कुठे होतं.

पंतांनी घसा खाकरला. “गॅरेजात. नवा बॉयलर आला की तळघर तसंच होणार ना, त्याची रंगीत तालीम.”

हृषीकेशने आंबोळीकडे पाहिलं, मग बापाकडे. “म्हणजे खाली इतकी उष्णता वाया जाते?” तो म्हणाला आणि थर्मामीटर घेऊन उठला. “मोजूनच येतो.”

दोघांनी सगळं योजलं होतं, पण इंजिनिअर मोजायला उठेल हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. खाली खुर्ची होती, दिवा होता, गोधडी होती. पंत त्याच्या मागोमाग जिना उतरले, ते चोरी पकडली गेल्यासारखेच.

हृषीकेश दारात उभा होता. थर्मामीटर हातातच राहिला होता.

“ही खुर्ची मी उन्हाळाभर शोधत होतो,” तो म्हणाला.

मग त्याने गोधडी ओळखली. पुस्तकांची रांग पाहिली, खुणेचे कागद पाहिले.

“वर थंडी वाजते तुम्हाला?”

“नाही रे. म्हणजे थोडी. पण वरती माझ्यासाठी वेगळं जाळावं लागतं. इथली फुकट जाणारी आहे, ती घेतली तर कुणाला काही...” पंतांनी पुस्तकं उगाच सरळ केली.

“आणि ते रोजचं फिरणं?”

“जिना आहे ना,” मागून कौमुदी म्हणाली.

हृषीकेश हसला नाही. थर्मामीटर खिशात घालून तो वर गेला. सोमवारी त्याने ब्रेनवेर्टच मागवला, तेव्हा पंतांनी निमूटपणे पुस्तकं खोक्यात भरली. आपण उगाच नसता उद्योग केला, असं त्यांना वाटत राहिलं.

ल्योफ्लरने नवा बॉयलर आणून बसवला आणि चालू केला. भिंतीवर टांगलेला, पांढराशुभ्र, मुका. पंतांनी हळूच त्याला गाल लावून पाहिला. गारच होता. तेवढ्यात ल्योफ्लर गाडीतून आणखी एक वस्तू घेऊन आला आणि काहीतरी पुटपुटत समोरच्या भिंतीशी मोजमाप घेऊ लागला. तो एक रेडिएटर होता.

“काय म्हणतोय तो?” पंतांनी विचारलं.

“म्हणतोय, बॉयलरच्या खोलीत रेडिएटर म्हणजे बेकरीवाल्याने पाव विकत आणण्यासारखं झालं,” हृषीकेश म्हणाला. “मी सांगितलं, पीठ आंबवायला लागतो. आंबोळीवर तडजोड नाही.” पंतांकडे न बघताच तो पुढे म्हणाला, “चकती दोनवर ठेवतोय. पिठाला कमी पडलं तर वाढवा. पिठाची थंडी कुणीतरी ओळखायला हवी.”

वरच्या खोलीतली चकतीही त्या दिवसापासून रोज तीनवर दिसू लागली. ती कोण फिरवतं हे पंतांनी विचारलं नाही.

खालची मात्र त्यांनाच फिरवायची होती. बुधवारी ते पुस्तकं घेऊन खाली गेले, खुर्ची उघडली, बसले. दोनवर बोटं जरा गार पडत होती. पीठ तर शनिवारचं. पंतांनी बराच वेळ चकतीकडे पाहिलं. मग वर गेले, स्वयंपाकघरातून रिकामं पातेलं आणलं, रेडिएटरजवळ ठेवलं, वर झाकण घातलं आणि चकती तीनवर नेली. जरा थांबून चारवर.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. हृषीकेश आत आला, चारचा आकडा त्याने पाहिला आणि वाकून पातेल्यावरचं झाकण उचललं. पंतांनी पुस्तक तोंडासमोर धरलं.

हृषीकेशने झाकण जपून परत ठेवलं. गोधडीचं टोक ओढून पातेल्याभोवती नीट खोचलं.

“छान फुगतंय,” तो म्हणाला, आणि बसायला बादली पालथी घातली.